परवा राज्यपाल? नाशिकच्या अकॅडमीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प भागातल्या एनडीए-एसएसबी (सैन्यदलात अधिकारी व्हायची परीक्षा आणि निवड-मुलाखत) अकॅडम्यांचे संचालक आणि तिथे शिकवणारे सर-मॅडम यांना,

स. न. वि. वि.

जेलरोडला राहणारा मी एक निवृत्त नौसैनिक. नौदलाच्या हवाई शाखेत पंधरा वर्षं मेकॅनिक होतो, पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो आणि नंतरची वीसेक वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काढली. लिहिण्याचा सराव म्हणाल तर विमानाच्या लॉगबुकाचा. त्यात बिघाड काय, काय केलं आणि सही, एवढंच लिहायचं असतं. त्यामुळे पत्र कुठे ओबडधोबड वाटलं तर सांभाळून घ्या.

निमित्त तुमच्यातल्याच एकाच्या फ्लेक्सचं. बिटको चौकातून पुढे जाताना डाव्या हाताला, बारावीचे निकाल लागले तेव्हापासून लटकतोय. वर लढाऊ विमान, खाली विमानवाहू जहाज, मधे सॅल्यूट ठोकणारा पोरगा आणि त्याच्या छातीवर त्याने न मिळवलेली पदकं. ओळ अशी : 'आज कॅडेट, उद्या ॲडमिरल, परवा राज्यपाल!' अकॅडमीचं नाव लिहीत नाही. एक फ्लेक्स उतरला तर दुसऱ्याचा लागेल, आणि मला भांडण एकाशी नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलोच. पण माझ्या पुतण्याची मुलगी यंदा बारावीत आहे, तिला नौदलात जायचंय, आणि ती तुमच्यापैकीच एका ठिकाणी क्लासला जाते. एका संध्याकाळी ती तुमचा छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. वर मथळा 'मुलाखत : माझा आदर्श, तयार उत्तरं'. बारा-पंधरा नावं. एकापुढे लिहिलेलं : 'ॲडमिरल आर. एच. ताहिलियानी. वैमानिक, नौदलप्रमुख, सिक्कीमचे राज्यपाल. (नाव वेगळं आहे, छाप पडते.)'

पोरीने विचारलं, "आजोबा, हे कोण? लेहेंग्यावाले का?"

तिचीही चूक नाही. लग्नाच्या कपड्यांचे नामवंत डिझायनर तरुण ताहिलियानी हे त्यांचेच चिरंजीव. आजच्या पोरींना ते आडनाव तिथूनच माहीत. मी म्हटलं, "बस. चहा टाक आधी." मग दोन तास बोललो. त्या दोन तासांतलं जे तुमच्या कागदावर नव्हतं, ते इथे लिहितो आहे. मी त्यांना कधी भेटलो नाही हे आधीच सांगतो. १९८४ ते ८७ या काळात ते नौदलप्रमुख होते तेव्हा मी गोव्यात दाबोळीला विमानाच्या पोटाखाली उताणा पडून नट आवळत होतो. प्रमुखांचा आणि माझा संबंध मेसच्या भिंतीवरच्या फोटोपुरता.

सुरुवात डेकपासून करू, कारण ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

पहिली 'विक्रांत', आपली पहिली विमानवाहू नौका, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली. इंग्रजांचं अर्धवट राहिलेलं 'हर्क्युलिस' जहाज आपण विकत घेऊन पुरं करून घेतलं होतं. १८ मे १९६१ या दिवशी तिच्या डेकवर पहिलं जेट विमान उतरलं. विमान सी हॉक, वैमानिक लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. जन्म १९३०चा, म्हणजे वय तिशीच्या आसपास. 'विक्रांत' अजून मुंबईला पोचायची होती. नेहरूंनी बॅलार्ड पिअरला तिचं स्वागत केलं ते नोव्हेंबरात.

आता उतरलं म्हणजे काय, हे पोरांना सांगा. ओझरला सुखोई उतरताना तुम्ही-आम्ही रस्त्यावरून बघतो. धावपट्टी जागच्या जागी असते, लांबच लांब असते, आणि ब्रेक लागेपर्यंत विमानाला पळायला मोकळीक असते. 'विक्रांत' नाकापासून शेपटीपर्यंत ७०० फूट. उतरायला मिळायचा तो त्यातलाही एक तुकडा, मधल्या रेषेपासून तिरपा काढलेला. तो तुकडा पुढे पळतो आहे, वर-खाली होतो आहे, डावी-उजवीकडे कलतो आहे. विमानाच्या शेपटीखाली एक हूक, डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारा. हुकाने तार धरली की विमान गचकन थांबतं.

आणि नाही धरली तर? म्हणून जेटच्या वैमानिकाला शिकवलेलं असतं की चाकं टेकली रे टेकली की इंजिन कमी करायचं नाही, पूर्ण वाढवायचं. ऐकायला उलटंच वाटतं. थांबायला आलोय तर वेग कशाला? पण तार हुकली तर डेकचा काठ हाताच्या अंतरावर असतो आणि खाली पाणी. त्या क्षणी पुन्हा उडण्याइतका जोर इंजिनात तयार पाहिजे. तार हुकून परत उडावं लागणं, याला आम्ही बोल्टर म्हणतो. त्यात लाज नसते. एक चक्कर मारून पुन्हा यायचं. लाज असते ती 'मला तार मिळालीच' असं धरून चालणाऱ्याची, आणि ती फार वेळ टिकत नाही, कारण तो स्वतःच टिकत नाही.

पोरगी म्हणाली, "म्हणजे बरोबर उतरलो तरी चुकलोय असंच समजायचं?" मी म्हटलं, तार ओढ देईपर्यंत, हो.

हे मी फुशारकीने सांगत नाही, मी वैमानिक नव्हतोच. मी मूळचा सिन्नर तालुक्यातला. सतरा वर्षांचा होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. १९८१ साली ओडिशात चिल्काला भरती झालो. तिथेही आधी दिसलं ते सरोवर, आणि मला वाटलं हाच समुद्र. दाबोळीला गेलो तेव्हा सी हॉक शेवटच्या घटका मोजत होती. सी हॅरियर येऊ घातली होती. मला मिळालं आलिझे. फ्रेंच बनावटीचं, पुढे पंखा असलेलं, तीन माणसांचं, पाणबुड्या हुडकणारं विमान. फार आवाज करायचं, आणि तेल तर असं गाळायचं की माझ्या डांगरीचा मूळ रंग कोणता हे बायकोला लग्नानंतर कळलं.

डेकवरचं एक काम मात्र मला आजही स्वप्नात दिसतं. सकाळी उड्डाणं सुरू व्हायच्या आधी डेकच्या एका टोकाला सगळे जण खांद्याला खांदा लावून आडवी रांग धरायचे. माना खाली. मग सावकाश चालत दुसऱ्या टोकाला जायचं. पायाखाली दिसेल ते वेचायचं : वॉशर, तारेचा तुकडा, तुटकी पिन, रंगाचा पोपडा, कुणाच्या खिशातून पडलेलं बटण. याला फॉड वॉक म्हणतात. जेटचं इंजिन पुढून हवा खेचतं, त्याबरोबर एवढासा स्क्रू गेला तरी आतली पाती उडतात. रांगेत अधिकारीही असायचे, कुकही असायचा. खाली वाकलेल्या पाठीवरून पद कळत नाही. मला एकदा नखाएवढी चकती सापडली. आमच्या चीफने, म्हणजे वरिष्ठ पेटी ऑफिसरने, ती तळहातावर घेतली, दोन बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, "ही कोणाची, ते शोधल्याशिवाय आज विमान हलणार नाही." आणि खरंच नाही हललं. पाऊण तासाने कळलं, माझ्याच टूलकिटातल्या एका क्लिपची होती. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही.

हे सगळं लांबण लावलं, कारण तुमच्या फ्लेक्सवर विमान आहे आणि डेक रिकामा आहे. १८ मे १९६१ रोजी ती तार कुणीतरी ताणली होती, कुणीतरी तपासली होती, कुणीतरी खाली यंत्रात दाब बघत उभा होता. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, आणि त्यात काही अन्यायही नाही, पहिला मान वैमानिकाचाच. पण तुमच्याकडे एखादा पोरगा "मला नौसैनिक व्हायचंय, अग्निवीरचा फॉर्म भरायचाय" म्हणाला तर तुमचे सर म्हणतात, "अरे, एवढं छोटं स्वप्न?" माझ्या नातीसमोर म्हणाले म्हणून सांगतो. आमची दुखरी नस आहे ती. यापुढे जपून.

आता ॲडमिरलपदाचं. हे थोडक्यात उरकतो, कारण याच्या तारखा तुमच्याकडे पाठ आहेत. १ डिसेंबर १९८४ ते ३० नोव्हेंबर १९८७. त्यांच्या काळातल्या दोन-तीन गोष्टी मात्र तुमच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याच्या आहेत आणि त्यांना कुणी सांगत नाही. केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीची कोनशिला १७ जानेवारी १९८७ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली. आज एनडीएतून बाहेर पडणारा नौदलाचा प्रत्येक कॅडेट जिथे पुढचं वर्ष काढतो, ती ही जागा. ती पूर्ण होऊन उद्घाटन व्हायला २००९ उजाडलं. म्हणजे ज्यांनी सुरुवात पाहिली ते पाहुणे म्हणून गेले असतील तर गेले. मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो, ज्यांचा दाढीवाला फोटो तुमच्या प्रत्येक रिसेप्शनमागे लावलेला असतो, त्या दलाची उभारणीही १९८७चीच. त्याच वर्षी मे महिन्यात दुसरी विमानवाहू नौका 'विराट' नौदलात आली आणि जुलैअखेर श्रीलंकेत शांतिसेना गेली. तेव्हा आमच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या. मी माझ्या बहिणीच्या लग्नाला पोचलो तो वऱ्हाड निघताना.

आणि आता 'परवा राज्यपाल'. खरं पत्र इथून सुरू होतं.

तुमच्या ओळीत ती बढतीची साखळी आहे. कॅडेट, मग ॲडमिरल, मग राज्यपाल. पहिल्या दोन पायऱ्यांच्या मधे चाळीसेक वर्षांचा घाम आहे, तो तुम्ही स्वल्पविरामात बसवला, चालायचंच, जाहिरात आहे. पण तिसरी पायरी ही पायरीच नाही. ॲडमिरलनंतर बढतीने राज्यपाल, असं कुठल्याही नियमावलीत नाही. सैन्यातून राज्यपाल झालेले पुष्कळ आहेत. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जनरल श्रीनागेश हे आसाम, आंध्र आणि म्हैसूरचे राज्यपाल होते. हवाईदलप्रमुख मेहरा आणि त्यांच्या पाठोपाठ हवाईदलप्रमुख लतीफ हे तर आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल, ऐंशीच्या दशकात. नौदलाच्या वाट्याला हे तुलनेने फार कमी आलं. पण यांपैकी कुणालाही ते सेवाज्येष्ठतेने मिळालेलं नाही. राज्यघटनेत राज्यपालासाठी अट काय आहे? भारताचा नागरिक असावा आणि वयाची ३५ वर्षं पूर्ण झालेली असावीत. बस. उरलं सगळं केंद्रात बसलेल्यांच्या मनावर.

ताहिलियानींचंच बघा. १९८७च्या नोव्हेंबरात ते निवृत्त झाले, राज्यपाल झाले फेब्रुवारी १९९०मध्ये. मधे दोन वर्षं. आणि १९९०च्या सुरुवातीला काय झालं होतं? दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार आलं होतं आणि त्याने देशभरातल्या राज्यपालांना राजीनामे द्यायला सांगितलं होतं. खुर्च्या रिकाम्या झाल्या म्हणून नवी माणसं गेली. ज्या दाराने आत जायचं तेच दार बाहेर काढायचंही, हे पहिल्या दिवशी दिसत असताना तिथे जाऊन बसायचं. सरकारिया आयोगाने १९८८मध्येच सांगून ठेवलं होतं की राज्यपाल राज्याबाहेरचा असावा, आपल्या क्षेत्रात नावाजलेला असावा आणि नजीकच्या काळात राजकारणात फारसा गुंतलेला नसावा. या कसोटीत सैनिक माणूस बसतो. एवढाच काय तो वर्दीचा उपयोग.

एक गंमत लक्षात घ्या. फौजेतला अधिकारी राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतो, घटनेचं कलम ३१०. राज्यपालही राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतो, कलम १५६. शब्द तेच. पण अधिकाऱ्याला त्या मर्जीबरोबर हुकूम द्यायचा अधिकार मिळतो, जहाज मिळतं, माणसं मिळतात. राज्यपालाला मिळतं कलम १६३ : मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चाला. तीन वर्षं अख्खं नौदल ज्याच्या शब्दावर हललं, त्याने गंगटोकच्या राजभवनात बसून दुसऱ्याने लिहिलेलं अभिभाषण 'माझं सरकार' म्हणत वाचायचं. हे सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने निवृत्त सुभेदाराला सोसायटीच्या मीटिंगमध्ये गप्प बसवून दाखवावं. आमच्या सोसायटीत आहेत एक. पाण्याच्या टाकीवरून गेल्या महिन्यात मतदान घेतलं तेव्हा ते म्हणाले, "मतदान कशाला? मी सांगतो ना." मला ताहिलियानी आठवले ते तेव्हा.

आणि राज्य कोणतं? सिक्कीम. समुद्रसपाटीला आयुष्य काढलेला माणूस कांचनगंगेच्या पायथ्याशी. भारतात यायला त्या राज्याला पंधरा वर्षं पुरी होत होती. १६ मे १९७५ला ते बाविसावं राज्य झालं. लेपचा, भुतिया, नेपाळी असे तीन समाज, एका बाजूला नेपाळ, एका बाजूला भूतान, वर तिबेट. बत्तीस आमदारांची विधानसभा, त्यातली एक जागा बौद्ध मठांतल्या भिक्खूंसाठी. असं दुसरीकडे कुठे नाही. आणि इथे राज्यपालाचं काम बाकी राज्यांसारखं शोभेचं नाही, बरं का. कलम ३७१-एफ सिक्कीमच्या राज्यपालावर खास जबाबदारी टाकतं : शांतता राखायची आणि तिथल्या निरनिराळ्या समाजांची सामाजिक, आर्थिक प्रगती समन्यायाने होईल हे पाहायचं. म्हणजे एका हाताने 'सल्ल्याने चाला' आणि दुसऱ्या हाताने 'लक्ष ठेवा'.

त्यांच्या काळातल्या दोन घटना मी पोरीला सांगितल्या. १९९२मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात तीन भाषा गेल्या : नेपाळी, मणिपुरी आणि कोंकणी. सिक्कीमला त्याचं केवढं अप्रूप! मला लक्षात राहिलं ते कोंकणीमुळे, कारण दाबोळीच्या बाहेर आमचा चहावाला आठवडाभर "आमची भास" करत होता.

दुसरी घटना महत्त्वाची. १९८९च्या निवडणुकीत नरबहादूर भंडारी यांच्या पक्षाने बत्तीसच्या बत्तीस जागा जिंकल्या होत्या. विरोधी पक्षाला औषधालाही जागा नाही. अशा सरकारला कोण हलवणार? मे १९९४मध्ये ते हललं. आपल्याच आमदारांनी पाठ फिरवली, भंडारी सभागृहात विश्वासदर्शक ठराव हरले आणि संचमान लिंबू मुख्यमंत्री झाले. आता तारीख जुळवा. त्याच वर्षी ११ मार्चला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी बोम्मई खटल्यात निकाल दिला होता की बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरतं. दोन महिन्यांनी गंगटोकला तेच झालं. राज्यपालाने काय केलं, असं पोरीने विचारलं. मी म्हटलं, सभागृहाने जे ठरवलं ते होऊ दिलं. तिला ते काही फारसं पराक्रमाचं वाटलं नाही. "एवढंच?" म्हणाली. महाराष्ट्रात राहून गेल्या काही वर्षांत राजभवनाच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला विचारा, 'एवढंच' किती असतं ते.

याच वर्षी सप्टेंबरात ते पायउतार झाले. साडेचार वर्षं.

आता तुमच्या कागदावर जे अजिबातच नाही ते. त्यांच्या आयुष्याचा हा तिसरा टप्पा, आणि माझ्या मते सगळ्यात जड. राजभवनातून बाहेर पडल्यावर ते ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भारतातल्या शाखेचे अध्यक्ष झाले. लाचखोरीविरुद्ध काम करणारी संस्था. गाडीवर झेंडा नाही, दारात पहारा नाही, ज्यांच्याविरुद्ध बोलायचं ते सगळे ओळखीचे. २००५मध्ये या संस्थेने वीस राज्यांत चौदा हजारांवर लोकांना विचारून अहवाल काढला : पोलीस, जमिनीची कागदपत्रं, दवाखाने, वीज, रेशन अशा अकरा सेवांसाठी सामान्य माणूस वर्षाला २१,०६८ कोटी रुपये लाच देतो. २००८मध्ये पुन्हा एका पाहणीचा अहवाल आला, ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची. आकडा आला ८८३ कोटींच्या घरात. ज्यांच्या घरात पिठाचा डबा महिनाअखेर खडखडतो, त्यांनी दिलेले ८८३ कोटी. सरकारी कंपन्यांनी कंत्राट देताना 'आम्ही घेणार नाही, तुम्ही देणार नाही' असा लेखी सचोटी करार करावा, यासाठीही ही संस्था मागे लागली. २००६मध्ये ओएनजीसीने पहिल्यांदा त्याला होकार दिला.

मी हे आकडे पाठ सांगतो त्याला कारण आहे. नोकरीतून सुटून आलो तेव्हा माजी सैनिकाच्या एका दाखल्यासाठी मी एका कार्यालयात सात खेपा घातल्या. आठव्या खेपेला समोरचा माणूस फाईलवरून नजर न उचलता म्हणाला, "साहेब, चहापाण्याचं बघा ना काहीतरी." मला 'साहेब' म्हणाला याचंच क्षणभर बरं वाटलं. आणि मी दिले. दोनशे रुपये. पंधरा वर्षं डेकवर वॉशर वेचलेला माणूस, आणि दिले. बायकोला सांगितलं नाही. पुढे कधीतरी पेपरात त्या अहवालाची बातमी वाचली, अध्यक्ष म्हणून आमच्याच प्रमुखांचं नाव वाचलं आणि पेपर घडी घालून ठेवला. त्या २१,०६८ कोटींत माझे दोनशे धरले नव्हते, कारण माझे आधीच्या सालातले. पण तेवढ्याने सुटका होत नाही.

ऑक्टोबर २०१५मध्ये ते गेले. योगायोग म्हणा, त्याच वर्षी डिसेंबरात 'आयएनएस गोदावरी'ही सेवेतून निवृत्त झाली. माझगाव गोदीत बांधलेली, १९८३ ते २०१५, बत्तीस वर्षं. आपल्या नदीचं नाव घेऊन फिरणारी युद्धनौका, १९८८मध्ये मालदीवच्या बंडखोरांचं जहाज जिने समुद्रात गाठलं ती. नाशिकमध्ये तिच्या निवृत्तीची चौकशी करणारा मला एकही माणूस भेटला नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर, पण आपली गोदावरी त्याला पाठ दाखवते आणि हजारावर किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आपणही तिचेच.

बरं, मागणं काय, ते सांगतो. यादी करत नाही, तुमच्या याद्या फार झाल्यात.

फ्लेक्सवरची 'परवा राज्यपाल' ही ओळ काढा. ती खोटी आहे, एवढंच कारण पुरे. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं असतं, त्याच्या बापाने कर्ज काढून तुमची फी भरलेली असते. त्याला खुर्ची दाखवून आत ओढू नका. त्याला हेही सांगा की लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीचं बोलावणं आलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी नाशिकरोडलाच सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत. तुमच्या गेटपासून रिक्षाच्या अंतरावर. मुलींसाठीही राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व संस्था आपल्या नाशकातच सुरू झाली आहे. एनडीएतून पहिल्या सतरा मुली मे २०२५मध्ये बाहेर पडल्या तेव्हा तुम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पेढे वाटले. मग त्या संस्थेचा पत्ता पालकांना सांगताना जीभ का अडखळते? तुमचा धंदा बुडणार नाही. शिकवण्यात जोर असेल तर लोक पैसे देऊनही येतात.

आणि तो 'तयार उत्तरं' कागद जाळा. एसएसबीचे लोक पाच दिवस माणूस पारखतात, त्यांना पाठांतर पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आमच्या नातीने तर ठरवून टाकलंय. आदर्श कोण असं विचारलं तर ती ताहिलियानींचं नाव घेणार नाही. मी जरा हिरमुसलो, कारण दोन तास घसा कोरडा केला होता. म्हटलं, मग कोण? म्हणाली, "ती चकती शोधल्याशिवाय विमान हलू न देणारा चीफ. त्यांचं नाव काय होतं?"

नाव मला आठवतंय, पण त्यांना विचारल्याशिवाय छापत नाही. कोईमतूरकडचे होते, असतील तर नव्वदीला आले असतील.

एक शेवटचं. येत्या कुठल्याही रविवारी सकाळी साडेसहाला तुमच्या मैदानावर पोरांना आडव्या रांगेत उभं करा. तुम्ही संचालकही उभे राहा, रिसेप्शनवरचा मुलगाही. मी आदल्या रात्री येऊन अकरा वॉशर टाकून ठेवीन. बाराव्याचं मी कुणाला सांगणार नाही. अकरा सापडल्यावर कोण थांबतं आणि कोण चालत राहतं ते बघू. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण एक फेरी जमेल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पेटी ऑफिसर
जेलरोड, नाशिकरोड

ता. क. : फ्लेक्सवरचं जहाज आपलं नाही. डेकचं नाक सपाट आहे त्यावरून ओळखू येतं. आपल्या 'विक्रमादित्य' आणि नव्या 'विक्रांत'चं नाक वर उचललेलं असतं. छापणाऱ्याला फोटो मिळत नसेल तर नातीकडे आहे, पाठवून देईल.